ओर्टेलबाईंचा कान

ट्राउटे हेनेलच्या पोटात दुखायला लागलं ते एका मीठदाणीवरून.

लाइपझिगमधल्या त्या भाषासंस्थेच्या तळघरात खानावळ होती. दुपारी बटाटे, लाल कोबी आणि नशिबात असेल तर सॉसेजचा तुकडा. प्रोफेसर हेडविग ओर्टेल, म्हणजे सगळ्यांच्या ओर्टेलबाई, टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. एका बाजूला त्यांची जुनी सहायक ट्राउटे, दुसऱ्या बाजूला वीब्के, वसंतात नव्यानं आलेली, उत्तरेकडच्या समुद्रकाठची पोरगी. बाईंनी ताटातून नजर न काढता हात पुढे केला आणि म्हणाल्या, "वीब्के, मीठ दे ग जरा."

दे ग. द्या नव्हे, दे.

आणि वीब्केनं मीठदाणी सरकवत म्हटलं, "घे. पण डॉक्टरनं तुला कमी खायला सांगितलंय, हेडविग."

त्या शहरात 'तू' असं वाऱ्यावर पडलेलं नसतं. वर्षानुवर्षं खुर्चीला खुर्ची लावून बसणारी माणसं एकमेकांना अहोजाहो करतच निवृत्त होतात. 'तू' हे द्यायचं असतं, आणि तेही वडीलधाऱ्यानं. पेले भरायचे, हातात हात अडकवून प्यायचे, आपलं पहिलं नाव सांगायचं, की झालं. एकदा दिलेलं परत घेण्याची सोय नाही. ट्राउटे नऊ वर्षं बाईंच्या हाताखाली होती आणि नऊ वर्षं ती 'हेनेलबाई' होती, 'तुम्ही' होती. वीब्केला येऊन तीन महिने झाले नव्हते.

ट्राउटेला हेवा वाटला. याला दुसरं सोज्वळ नाव शोधण्यात अर्थ नाही. तिचा घास तोंडात फिरत राहिला, आणि शेवटी ताट तसंच टाकून ती वर निघून गेली.

वर तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. खोलीत कोळशाची शेगडी, भिंतभर चिठ्ठ्यांची खोकी आणि खिडकीशी एक टेबल. या तिघी आणि आणखी दोघेचौघे मिळून क्रियापदांचा कोश करत होते. कुठलं क्रियापद आपल्या वाक्यात कोणाकोणाला मागतं, कोणावाचून त्याचं अडतं आणि कोणावाचून भागतं, हे त्या कोशात यायचं होतं. परदेशातून शिकायला येणाऱ्या पोरांना ते कोणी तरी सांगायला नको का? शब्दाचा अर्थ कुठल्याही कोशात मिळतो, पण वाक्य करायला बसलं की पोरं तोंडावर आपटतात.

ते ठरवण्याची रीत साधी होती. रोज दुपारी तीन वाजता बाई आणि ट्राउटे समोरासमोर बसायच्या. बाई एक वाक्य म्हणायच्या, मग त्यातला एक तुकडा काढून पुन्हा म्हणायच्या. "माझी मावशी ड्रेस्डेनला राहते. माझी मावशी राहते."

"पडलं," ट्राउटे म्हणायची.

"पोरगा ब्रेड खातोय. पोरगा खातोय."

"उभं आहे."

'राहणे' जागा मागतं, सोडत नाही. 'खाणे' ब्रेडवाचून निभावून नेतं. बाई पेन्सिलीनं खूण करायच्या, पुढचं वाक्य. अट एकच होती, उत्तर श्वास घेण्याआधी यायला हवं. "विचार केलात की संपलं, हेनेलबाई," असं बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

ऐकायला पोरखेळ वाटतो, पण या धंद्यातल्या माणसांचा खरा रोग तोच आहे. एखादं लंगडं वाक्य दहादा घोळवलं की ते चालायला लागतं. संस्थेतल्या मोठमोठ्या विद्वानांचे कान असे घोळवून घोळवून बाद झालेले. खुद्द बाईंचाही झाला होता, आणि हे त्या लपवत नसत. ट्राउटेचा कान मात्र पहिल्या दिवशी होता तसाच होता. त्यामुळे मजल्यावरचे लोक तिचं दार ठोठावायचे, डोकं आत घालून वाक्य म्हणायचे आणि विचारायचे, "उभं की पडलं?" ती सांगायची ते अखेरचं. तिच्यापाशी मोठी पदवी नव्हती, नवरा नव्हता, मूल नव्हतं. तिच्यापाशी ही तीन वाजताची खुर्ची होती. तेवढ्यावर ती सुखी होती असं म्हणायला हरकत नाही, मीठदाणी मध्ये येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तिनं वीब्केला गाठलंच. वीब्के खिडकीत बसून कागदाच्या पिशवीतून चेरी खात होती आणि बिया कुंडीत थुंकत होती.

"ही चेरी कुठली म्हणायची?" ट्राउटेनं विचारलं.

"बागेतली. हेडविगच्या." वीब्केनं पिशवी पुढे केली. "रविवारी गेले होते ना तोडायला. घ्या की. शिडीवर मी आणि खालून ही बाई ओरडतेय, ती नको, ती कच्ची आहे, डोळे फुटले काय तुमचे! शेवटी म्हणाली, तुम्हाला शिव्या घालताना हे अहोजाहो आड येतंय, चल, पेले काढ."

"शिव्या घालायला?"

"मग काय! भांडतो ना आम्ही दिवसभर." वीब्के हसली. "तुम्ही बघितली असेल ना बाग? नऊ वर्षांत?"

"पुष्कळदा," ट्राउटे म्हणाली.

तिनं बाग कधी बघितली नव्हती. शहराबाहेर रांगेनं असतात तशाच त्या बागा, कुंपणाला कुंपण लागून, प्रत्येकीत एक लाकडी खोपटं. लाइपझिगच्या माणसाला घरात या म्हणणं सोपं, बागेत या म्हणणं अवघड. ट्राउटेला दर नाताळात त्या बागेतल्या मुरंब्याची एक बरणी मिळायची, वर चिठ्ठी चिकटवलेली, 'हेनेलबाईंस'. एवढे दिवस तिला ती बरणी म्हणजे मान वाटला होता. त्या संध्याकाळी घरी जाऊन तिनं उरलेला मुरंबा केराच्या डब्यात ओतला, आणि मग स्वतःचीच लाज वाटून बरणी धुऊन ठेवली.

त्यानंतर तिला सगळंच टोचायला लागलं. वीब्के बाईंच्या बोलण्यात मध्येच बोलायची ते टोचलं. बाई तिच्यावर खेकसायच्या तेही टोचलं, कारण ट्राउटेवर त्या कधी खेकसल्या नव्हत्या. दाराबाहेरून दोघींचं कडाक्याचं भांडण ऐकू आलं की ट्राउटे कॉरिडॉरमध्ये थांबून ऐकायची. "मूर्खासारखं बोलू नकोस!" असं बाई ओरडायच्या, आणि ट्राउटेला वाटायचं, मला एकदा तरी मूर्ख म्हणायचं होतंत.

त्यात प्रागचं निघालं. ऑक्टोबरात तिथे परिषद होती आणि बाईंबरोबर एका माणसाला परवानगी मिळाली होती. पूर्व जर्मनीतल्या माणसाला प्राग म्हणजे काही चंद्र नव्हे, पण परदेशी विद्वानांसमोर टेबल मांडून हीच परीक्षा करून दाखवायची होती, बाईंनी वाक्य म्हणायचं आणि समोरच्यानं निकाल द्यायचा. ट्राउटेनं मनातल्या मनात निळा कोट धुवायलाही टाकला. पण बाई म्हणाल्या, "कोण येणार ते गुरुवारच्या बैठकीनंतर बघू. वीब्केचा निबंध उभा राहिला तर तो तिथे वाचायला हवा."

म्हणजे प्रागसुद्धा.

वीब्केचा निबंध असा होता. 'कसं' सांगणारे शब्द वाक्यात शोभेचे असतात, काढले तरी बिघडत नाही, असं सगळे धरून चालले होते. तो हळू चालला, तो चालला. काय बिघडलं? वीब्केचं म्हणणं, काही क्रियापदांना हा 'कसं' जेवणासारखा लागतो. तिनं सगळा भार एका क्रियापदावर टाकला होता, 'वागणे'. हा एक खांब भक्कम असला की बाकी इमारत उभी. आणि खांब भक्कम आहे की नाही हे अर्थातच एकाच माणसाला विचारायचं होतं.

बुधवारी सकाळी ट्राउटे खोलीत एकटी असताना वीब्केनं दारातून डोकं आत घातलं. "हेनेलबाई, एकच वाक्य. ती शेजारणीशी चांगली वागली. ती शेजारणीशी वागली."

पडलं. ट्राउटेच्या कानानं श्वासाआधी सांगितलं होतं. इतकं सपशेल पडलेलं वाक्य तिनं कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

"उभं आहे," ती म्हणाली.

वीब्के दारातच थिजली. "उभं?"

"तुमच्या समुद्राकाठी पडत असेल. इकडे म्हणतात."

"अहो पण... ती वागली. म्हणजे काय वागली? कशी वागली?"

"मला विचारायला आलीस ना? मी सांगितलं." आपण पोरीला 'तू' म्हणून बसलो हे नंतर तिच्या लक्षात आलं. न देता घेतलेलं 'तू'. वीब्केनं मात्र तिकडे लक्ष दिलं नाही. ती कागदाकडे बघत, ओठ चावत निघून गेली.

निबंध मागे घ्यायला वेळ नव्हता. गुरुवारच्या बैठकीत वीब्के उभी राहिली आणि तिनं प्रामाणिकपणे सांगून टाकलं की हेनेलबाईंच्या कानाला हे वाक्य चालतं, तेव्हा आपला मुख्य दाखला डळमळीत आहे. पहिल्या रांगेतला एक टकला गृहस्थ लगेच उसळला. "डळमळीत कसला, बाई, झोपला! आता वाचताय कशाला?" लोक हसले. ओर्टेलबाई हसल्या नाहीत. त्यांनी मान वळवून ट्राउटेकडे पाहिलं.

"हेनेलबाई. ती शेजारणीशी वागली."

खोलीत सिगारेटचा धूर आणि सगळ्या माना तिच्याकडे. अजूनही वेळ होती. ट्राउटेला वीब्केचे कागद धरलेले हात दिसले, आणि बाईंच्या गळ्यातला नवा रुमाल दिसला, समुद्राकाठच्या बायका बांधतात तसला.

"उभं आहे," ती म्हणाली.

"मग उभं आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या कानाला ते पडल्यासारखं वाटतं, पण माझा कान गेलेला आहे. हेनेलबाई म्हणतात ते धरायचं. बस खाली, वीब्के."

इतकं सोपं असेल असं ट्राउटेला वाटलं नव्हतं. एका शब्दावर बाईंनी स्वतःचं मत खाली ठेवलं, लाडक्या पोरीचा निबंध खाली ठेवला. त्या रात्री ती झोपली नाही, आणि त्यात आनंद किती आणि भीती किती हे तिलाही सांगता आलं नसतं.

सगळ्यात वाईट झालं ते शुक्रवारी. वीब्के तिच्यासाठी चेरीचा केक घेऊन आली. "बरं झालं तुम्ही आधी सांगितलंत," ती म्हणाली. डोळे सुजलेले, पण आवाज साफ. "प्रागला जाऊन तोंडावर आपटण्यापेक्षा इथेच आपटलेलं बरं, नाही का?" ट्राउटेनं केक खाल्ला, सगळा खाल्ला, आणि चांगला झालाय असंही म्हणाली.

प्रागसाठी ट्राउटेचं नाव गेलं. उन्हाळा सरला. सप्टेंबरात बाई दुप्पट वेगानं वाक्यं टाकायला लागल्या, प्रागची तालीम म्हणून. ट्राउटेचा कान असा काही लागला होता की बाईंचं वाक्य संपायच्या आत निकाल यायचा. वीब्के आता दुसऱ्या खोलीत बसायची, कमी बोलायची, बाईंशी भांडायलाही फारशी यायची नाही. ट्राउटेनं ठरवून टाकलं होतं की हे सगळं आपोआप झालं.

त्या दुपारीही तसंच चाललं होतं.

"आजोबांनी पत्र पेटीत टाकलं. आजोबांनी पत्र टाकलं."

"उभं आहे."

"बस पुलावरून जाते. बस जाते."

"उभं."

"डॉक्टर शेजारी राहतात. डॉक्टर राहतात."

"पडलं."

"पोरगी पाहुण्यांशी उद्धट वागली. पोरगी पाहुण्यांशी वागली."

"पडलं."

बाईंची पेन्सिल थांबली.

शेगडीतला कोळसा तेवढा कुरकुरला. ट्राउटेला आधी कळलंच नाही की वाक्यं का थांबली. मग कळलं, आणि तिचे कान तापले. बाईंनी मुद्दाम टाकलं होतं की ओघात आलं होतं, हे तिला पुढे कधीच समजलं नाही. विचारायचं कुठल्या तोंडानं?

बाईंनी चष्मा काढला. त्या चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर ट्राउटेला बरं वाटलं असतं.

"बैठकीत मुद्दाम?" त्यांनी विचारलं.

"हो."

"का?"

ट्राउटेनं तोंड उघडलं आणि नऊ वर्षांचं साठलेलं बाहेर पडलं. "तिला तुम्ही तू म्हणालात! तीन महिन्यांत! मला बागेचं फाटकसुद्धा माहीत नाही. माझ्यात काय कमी होतं, बाई? मी काय उपऱ्यासारखी..."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"वीब्के विचार करते," त्या म्हणाल्या. "विचार करणाऱ्याशी मला भांडावं लागतं, आणि तू म्हटल्याशिवाय मला भांडता येत नाही. तुमचं काम वेगळं होतं. तुम्ही साक्षीदार. मैत्रिणीला विचारलं तर ती मला आवडेल ते सांगणार, नाही तर मला दुखवायला म्हणून नको ते. म्हणून मी तुम्हाला दूर ठेवलं. नऊ वर्षं कधी घरी बोलावलं नाही, कधी वाढदिवस विचारला नाही. तुम्हाला वाटतं मला सोपं गेलं? या मजल्यावर कोणाचंही तोंड मी माझ्या बाजूनं वळवू शकले असते. एक तुमचं वळवायचं नव्हतं."

ट्राउटे रडत होती, रुमाल सापडत नव्हता. बाईंनी आपला पुढे केला.

"वीब्केचा निबंध प्रागला जाईल आणि वीब्के येईल. तिला सांगेन की तुम्ही पुन्हा ऐकलंत आणि मत बदललंत. तेवढं मी करेन." मग त्या उठल्या, कपाटातून चेरीच्या दारूची बाटली आणि दोन छोटे पेले काढले आणि टेबलावर ठेवले, जिथे एवढी वर्षं चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. पेले भरून त्यांनी आपला हात वाकवून पुढे धरला.

"मी हेडविग," त्या म्हणाल्या.

ट्राउटे त्या हाताकडे बघत राहिली. किती रात्री तिनं हा हात मनात पाहिला होता. नाही म्हणायची सोय नसते, नाही म्हणणं म्हणजे थोबाडीत मारणं. तिनं आपला हात त्यात अडकवला.

"ट्राउटे," ती कशीबशी म्हणाली, आणि प्यायली. दारू गोड होती.

"रविवारी बागेत ये," बाई म्हणाल्या. "प्लम पिकलेत. एकटीला आवरत नाहीत."

रविवारी ट्राउटे निळा कोट घालून गेली. फाटक हिरवं होतं. बाईंनी तिला पायरीवर बसवलं, मांडीवर टोपली दिली, प्लमच्या बिया काढायला चाकू दिला. "बारीक चिरू नकोस ग, केक करायचाय," असं म्हणाल्या, आणि एकदा "किती वेंधळी आहेस!" असंही म्हणाल्या. ऊन छान होतं. मागायला काही उरलं नव्हतं.

बाई शिडीवरून फांदी हलवत होत्या आणि सवयीनं स्वतःशी पुटपुटत होत्या. "माळ्यानं झाडांना पाणी घातलं. माळ्यानं पाणी घातलं." त्या थबकल्या. पुन्हा म्हणून पाहिलं, कपाळाला आठी पडली.

ट्राउटेचा चाकू थांबला. निकाल तिच्या जिभेवर आला होता, श्वासाच्या आधी, नेहमीसारखा. तिनं मान वर केली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या शिडीवरून कुंपणापलीकडे वाकल्या. पलीकडच्या बागेत एक म्हातारा कोबीतलं गवत उपटत होता.

"अहो गुंडरमान," त्यांनी हाक मारली, "जरा ऐकता का? तुम्ही असं म्हणाल का बघा."